पाच वर्षांची मुदत कोणाच्या सोयीची?

वाचकाचं पत्र:

ताई, मी २९ वर्षांची आहे. कोथरूडला आई-बाबांकडे राहते, नोकरी हिंजवडीत. ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याला मी बरीच वर्षं ओळखते, माणूस चांगला आहे. त्याच्या बहिणीचा घटस्फोट इथेच शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात चार वर्षं चालला. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलंय की लग्न पाच वर्षांचंच असावं. पाच वर्षांनी दोघांना वाटलं तर पुढची पाच, नाही वाटलं तर कटुता न ठेवता वेगळं व्हायचं. "आपण फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार करतोच ना? संपला की कोण कोर्टात जातं?" असं तो म्हणतो. त्याने दोन पानांचा मसुदाही आणून दिलाय. मला निम्मं पटतं आणि निम्म्याची भीती वाटते. आई म्हणते, असलं काही आपल्यात कधी नव्हतं, हे स्थळच नको. असं लग्न कायद्याने होतं का? मी सही करू का? आणि आईला काय सांगू?

प्रिय मैत्रिणी,

सही करू नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण कागद घरात आला की त्याच्यामागून घाईही येते. पण सही नको म्हणजे मुलगाच नको, असं माझं म्हणणं नाही. तुझ्या पत्रातून तो मला लबाड वाटला नाही, धास्तावलेला वाटला. सख्ख्या बहिणीला चार वर्षं तारखांना जाताना पाहिल्यावर माणसाने लग्नाआधीच बाहेर पडायची वाट शोधून ठेवावी, हे मी समजू शकते. त्याचा उपाय मात्र चुकलाय, आणि त्या चुकीचा बोजा त्याच्यावर कमी आणि तुझ्यावर जास्त पडणार आहे.

आधी कायद्याचं सांगते. तुम्ही हिंदू विवाह कायद्याखाली (१९५५) लग्न करा किंवा विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) नोंदणी करा, मुदतीचं लग्न दोन्हींत नाही. लग्न एकदा लागलं की जोडीदाराच्या मृत्यूने संपतं किंवा न्यायालयाच्या हुकुमाने. (रूढीने चालत आलेल्या काडीमोडीचा अपवाद आहे, त्याच्याकडे आईच्या मुद्द्यापाशी येते.) नवरा-बायको पुढे कधी वेगळे होणार, हे आधीच ठरवून ठेवणारा करार आपली न्यायालयं सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानत आली आहेत, म्हणजे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार तो रद्दबातल ठरतो. त्याचा मसुदा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर छापला, नोटरीचा शिक्का मारला, तरी पाच वर्षांनी तू त्याची बायकोच असशील आणि तो तुझा नवराच.

कागद नुसता निरुपयोगी असता तर मी एवढं लिहिलं नसतं. तो धोक्याचा आहे. समज, सहाव्या वर्षी तुमच्यातल्या एकाने "मुदत संपली" म्हणून दुसरं लग्न केलं. ते लग्न अवैध ठरेल आणि तो गुन्हा होईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. दुसरा धोका तुझा. आपण आता कोणी लागत नाही असं समजून तू राहतं घर सोडशील, पोटगी मागणार नाहीस, दागिने मागायलाही कचरशील. कायद्याने जे तुझं आहे ते एका निरर्थक कागदाच्या भिडेपोटी सोडून देशील. असं होतं, शिकलेल्या मुलींच्या बाबतीतही होतं.

आता त्याचा अकरा महिन्यांचा दाखला. तू कोथरूडची, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स तुला नवं नाही. पण तो करार कोणासाठी आला, हे त्याला विचार. जुन्या भाडेकरूंना कायद्याचं भक्कम संरक्षण होतं, घर परत मिळेना, म्हणून मालक लायसन्सकडे वळले. त्यात राहणाऱ्याला घरात कसलाही हक्क निर्माण होत नाही, त्याचं सगळं मर्म तेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ तर सांगतं की मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागेल. त्या करारात कोणी रडत नाही, कारण घर पहिल्या दिवसापासून मालकाचं असतं, राहणारा तिथे भिंत बांधत नाही आणि निघताना डिपॉझिट परत घेतो. लग्नात तू भिंती बांधणार आहेस. पाच वर्षांनी तुझं डिपॉझिट म्हणून तो काय परत करणार आहे, हे त्या दोन पानांत लिहिलंय का? तू पत्रात तसं काही म्हटलेलं नाहीस, म्हणून मी धरून चालते की नाही.

पुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पाच वर्षांनी तुम्हा दोघांनाही वेगळं व्हायचं असेल, तर कायदा आजही वाट देतो. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब आलं. वर्षभर वेगळे राहिलात, दोघांची संमती असली, की अर्ज करता येतो. त्यानंतरची सहा महिन्यांची थांबायची अट काही परिस्थितीत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलंय. म्हणजे दोघं राजी असताना मुदतीची गरज उरत नाही. मुदतीची गरज फक्त एकाच प्रसंगी लागते: एकाला जायचंय आणि दुसऱ्याला राहायचंय तेव्हा. आणि तेव्हा ती मुदत जाणाऱ्याच्या बाजूने उभी राहते. आज जो जातो त्याला कारण द्यावं लागतं, समोर बसावं लागतं, हिशेब करावा लागतो. मुदतीच्या लग्नात त्याने नुसतं गप्प राहिलं तरी पुरतं. ज्याला राहायचंय त्यानेच नूतनीकरणासाठी हात पसरायचा.

ते पाचवं वर्ष नीट डोळ्यांसमोर आण. तू ३४ ची, तो त्याच्या क्षेत्रात वर चढलेला. मूल झालं असेल तर दोन-तीन वर्षांचं, नुकतंच बालवाडीत जाऊ लागलेलं. त्यासाठी नोकरीत खंड कोणी घेतला असेल? मध्ये त्याला दोन वर्षं परदेशी पाठवलं असेल, तू राजीनामा देऊन बरोबर गेली असशील आणि परत आल्यावर कमी पगारावर नव्याने सुरुवात केली असशील. सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला रजा कोणाची गेली असेल? या गोष्टी माणूस प्रेमाने करतो आणि कराव्यातही. पण त्यांचं फळ लगेच मिळत नाही, दहाव्या-पंधराव्या वर्षी मिळतं, कधी म्हातारपणी मिळतं. आणि बाईचं देणं आपल्याकडे बहुतेक सुरुवातीच्या वर्षांत होऊन जातं. पाचव्या वर्षी ताळेबंद मांडायचा ठरला तर तिने टाकलेलं सगळं टाकून झालेलं असतं आणि परत आलेलं जवळजवळ काही नसतं. नेमक्या त्याच दिवशी तिला विचारायचं, "पुढे चालू ठेवायचं का?" तिच्या "हो"ला मी मोकळा होकार म्हणणार नाही. आणि तिला हे आधीच कळत असेल, तर ती पहिल्या दिवसापासून हात राखून जगेल. नोकरी सोडणार नाही, मूल लांबवेल, पैसे वेगळे ठेवेल. त्यातलं काही शहाणपणाचंही आहे, पण भीतीपोटी पाळलेलं शहाणपण घरात दोघांनाही जाचतं.

बाळंतपणाच्या आणि संगोपनाच्या वर्षांत तू जशी अडकलेली असशील, तसा तो आजारपणात असू शकतो. चौथ्या वर्षी त्याला मोठं दुखणं झालं, तर आपली बायको वर्षभराने राहील का, या विचाराने झोपलेला तो मला दिसतो. हे त्याला सांग. त्याने मसुदा लिहिताना स्वतःला कायम धडधाकट आणि कमावता धरलंय.

कल्पना त्याची एकट्याची नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत मेरीलँड राज्यात १९७१ साली तीन वर्षांच्या, नूतनीकरण करता येईल अशा लग्नाचा प्रस्ताव आला होता. जर्मनीत बव्हेरियातल्या गाब्रिएले पाउली या राजकारणी बाईंनी २००७ साली सात वर्षांची मुदत सुचवली. मेक्सिको सिटीच्या विधानसभेत २०११ साली किमान दोन वर्षांच्या कराराचं विधेयक आलं. यातलं कुठलंच कायदा झालं नाही. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली मांडलेला विचार मला या सगळ्यांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. त्यांचं म्हणणं, लग्नाच्या पायऱ्या दोन असाव्यात. मूल नसलेल्या जोडप्याचं बंधन सहज सुटणारं, आणि मूल हवं असेल त्यांनी घ्यायचं बंधन जास्त जबाबदारीचं. कॅलेंडरवरच्या तारखेपेक्षा घरात आलेलं मूल मोठं, हे त्यांनी ओळखलं होतं.

मुदतीचा विवाह प्रत्यक्षात चालतो तो शिया पंथाच्या व्यक्तिगत कायद्यात. त्याला मुता म्हणतात. मुदत आणि मेहेर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, आधी ठरते, मूल औरस मानलं जातं, पण नवरा-बायको एरवी एकमेकांचे वारस होत नाहीत. आणि आपल्या शेजारी गुजरातेत १९७०-८० च्या दशकांत मैत्री करार निघाले होते. विवाहित पुरुष दुसऱ्या बाईबरोबर मैत्रीचा कागद करायचा, बाईला वाटायचं आपल्याला काहीतरी स्थान मिळालं. कायद्याने त्या कागदाला किंमत नव्हती, बायकोचा एकही हक्क तिला मिळायचा नाही. तुझा होणारा नवरा तसा आहे असं मी सुचवत नाही. पण असा कागद समाजात एकदा रुळला, की तो कोणाच्या हातात पडतो, याचा हा दाखला मला विसरता येत नाही.

आता त्याच्या बहिणीबद्दल, कारण तिचं दुःख या पत्राच्या मुळाशी आहे. एकाची संमती नसेल तर आपल्याकडे घटस्फोट फार रेंगाळतो, हे खरं आहे आणि ते अन्यायाचं आहे. क्रूरता, परित्याग असं काहीतरी सिद्ध करावं लागतं, म्हणजे एकमेकांवर चिखल उडवल्याशिवाय सुटका नाही. लग्न पार मोडून गेलंय, एवढं कारण कायद्यात आजही पुरेसं नाही. विधी आयोगाने १९७८ सालच्या ७१ व्या अहवालात ते कारण मान्य करा म्हणून सांगितलं, २००९ च्या २१७ व्या अहवालात पुन्हा सांगितलं. २०१३ साली तसं विधेयक राज्यसभेत मंजूरही झालं. त्यात पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद होती. लोकसभेत ते पुढे गेलंच नाही. २०२३ साली घटनापीठाने सांगितलं की अशा मोडलेल्या लग्नात सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली घटस्फोट देऊ शकतं. पण तो अधिकार फक्त त्याच न्यायालयाचा, शिवाजीनगरच्या न्यायाधीशांना तो नाही. त्याच्या बहिणीला ज्याची गरज होती ते हे होतं: लवकर सुटका आणि तिच्या वर्षांचा रास्त हिशेब, दोन्ही एकदम. मुदतीचं लग्न यातलं पहिलं देतं आणि दुसरं गाळतं. त्याने मागणी करायचीच असेल तर ही करावी, मी त्याच्याबरोबर आहे.

मग तुम्ही काय करायचं? मुदत लग्नाला लावू नका, लग्नातल्या वाटण्यांना लावा. कोणाची नोकरी कुठे, कोणाच्या आई-वडिलांकडे किती, घरखर्च कसा, मूल कधी, हे आज ठरलं म्हणून जन्मभर तसंच का चालावं? एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं आली की एक रविवार काढा आणि हे सगळं पुन्हा मांडा. लग्नाच्या वाढदिवशी नको, त्या दिवशी माणूस खरं बोलत नाही. "या वर्षी हे मला जड गेलं, पुढच्या वर्षी तू घे" असं म्हणायला हक्काची जागा मिळाली, तर त्याच्या मसुद्यातला चांगला भाग वाचेल. आणि त्यात चांगला भाग आहे. आपल्याला कोणी गृहीत धरू नये, दर काही वर्षांनी आपण एकमेकांना डोळसपणे पुन्हा निवडावं, ही त्याची इच्छा मला आवडली.

काही गोष्टी मात्र बोलण्यावर सोडू नकोस. फ्लॅट घेणार असाल तर इंडेक्स टू वर, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीच्या सरकारी उताऱ्यावर, तुझं नाव हवं. कर्जात सहकर्जदार म्हणून सही घ्यायची, हप्ते तुझ्या पगारातून जायचे आणि खरेदीखत एकट्या मुलाच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावावर, असा प्रकार आपल्या आजूबाजूला सर्रास चालतो. हप्ता भरणारीला मालकी आपोआप मिळत नाही. आपल्या कायद्यात लग्नानंतर कमावलेली संपत्ती दोघांची होत नाही, ज्याच्या नावावर त्याची. गोव्यात तसं नाही. तिथे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि वेगळं हवं असेल तर लग्नाआधीच लिहून नोंदवावं लागतं. आपल्याकडे हे कायदा करत नाही, म्हणून तुम्ही नावं लावून करायचं. दोघांपैकी कोणी मुलासाठी नोकरी थांबवली, तर त्या काळात दुसऱ्याने दरमहा ठरावीक रक्कम तिच्या किंवा त्याच्या नावाने पीपीएफमध्ये किंवा फंडात टाकायची, हे आधी ठरवा. तुझे दागिने तुझं स्त्रीधन आहे, लॉकर तुझ्या नावावर ठेव. हे मागायला तुला संकोच वाटेल, तरी माग. मुदत सुचवताना त्याला वाटला नाही.

त्याच्याशी बोलशील तेव्हा मसुद्यावर वाद घालू नकोस, प्रश्न विचार. पाचव्या वर्षी मी हो म्हटलं आणि तू नाही, तर काय? तेव्हा मी गरोदर असले तर? तू अंथरुणाला खिळलेला असलास तर? मूल कोणाकडे? मी सोडलेल्या पगाराचं काय? तो गोंधळला, विचारात पडला, "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं" म्हणाला, तर बोलणी पुढे न्या. आणि सगळं ऐकूनही त्याला तारीख हवी आणि बाकी कशाचीच हमी द्यायची नसेल, तर त्याला लग्न नकोय, हे तुम्ही दोघांनी मान्य करा. मग त्यापेक्षा काही काळ लग्नाशिवाय एकत्र राहणं जास्त खरं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण दिलंय, फक्त प्रत्येक लिव्ह-इन त्यात बसत नाही, हे २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सांगितलंय. तो निर्णय घ्यायचा तर माहिती घेऊन घे.

आता आई. "आपल्यात असलं कधी नव्हतं" हे पूर्ण खरं नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत काडीमोड होत असे आणि बाई पाट लावून पुन्हा संसार मांडत असे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने चालत आलेला असा घटस्फोट आजही राखून ठेवलाय. जन्मोजन्मीची गाठ वरच्या जातींत पक्की होती. मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचा कायदा आला तेव्हा कुठे त्यांच्या बायकांना वाट मिळाली. काडीमोडीचं फार कौतुक मी करणार नाही, पंच पुरुषच असत आणि बाईचं भवितव्य त्यांच्या मर्जीवर असे. पण सुटण्याची वाट आपल्या मातीत होती. आणि अटी घालणंही होतं. १८७३ साली याच पुण्यात सत्यशोधक समाज उभा राहिला. त्याच्या लग्नविधीसाठी जोतीराव फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांची हमी मागते आणि वर ती देतो. किती वर्षं राहणार, हे ती विचारत नाही. कसा वागणार, हे विचारते.

आईला हे शांतपणे सांग, त्याच्यासमोर नको. तिच्या "नको"मागे तुला वाऱ्यावर सोडतील ही भीती आहे, आणि ती भीती खरी आहे, हेही तिला म्हण. स्थळ मोडायची घाई करू नको, मला महिनाभर दे, एवढं माग. त्या महिन्यात तुम्ही दोघं मिळून एखाद्या विवाहपूर्व समुपदेशकाकडे जा, आणि तू एकटी एखाद्या वकिलाकडे जा. त्याच्या ओळखीच्या नको, तुझी तू शोध. हॉलचा अ‍ॅडव्हान्स त्यानंतरच भरा.